सांगलीत प्रवाळाची टाकी: पाणी कसं तपासायचं, कसं राखायचं

सांगलीकराला समुद्र हवा असेल तर आंबा घाट उतरावा लागतो. म्हणून प्रवाळाच्या टाकीतला समुद्र घरीच बनवायचा, आणि तो बिघडतोही घरीच. बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा औषधाच्या बाटलीत नसतं. ते नळाच्या पाण्यात, नाहीतर न तपासलेल्या मोजमापात सापडतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. क्षारता म्हटलं की या भागात क्षारपड जमीन आठवते, म्हणून पाण्यातल्या मिठाला इथे खारटपणा म्हटलंय. अल्कलिनिटीला, म्हणजे पाण्याच्या आम्ल सोसण्याच्या ताकदीला, दुकानदार आणि टाकीवाले सगळेच केएच म्हणतात, तोच शब्द पुढे वापरलाय.

आणखी एक गोष्ट खरेदीआधीची. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे येतात, म्हणून ते नकोत. घरच्या टाकीसाठी मऊ प्रवाळ, झोअँथिड (प्रवाळांचे बटणासारखे नातेवाईक), मशरूम प्रवाळ यांच्यावर थांबा आणि तेही बिलासह घ्या. यात फायदाही आहे. मऊ प्रवाळ सांगाडा बांधत नाहीत, त्यामुळे केएच आणि कॅल्शियमचा खप कमी राहतो. जो होतो तो मुख्यतः दगडांवर चढणाऱ्या गुलाबी-जांभळ्या चुनखडी शेवाळाचा.

गोडं पाणी

कृष्णेचं नळाचं पाणी असो वा बोअरचं, थेट टाकीत नको. बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका असते, आणि उसाच्या शेताजवळच्या बोअरला नायट्रेटही. पिण्याच्या आरओचं पाणीही चालत नाही, कारण त्यात चवीसाठी मुद्दाम थोडे क्षार परत सोडलेले असतात. जारचं पाणी त्याच माळेतलं.

लागतं ते असं: ५ मायक्रॉनचा गाळ फिल्टर, कार्बन ब्लॉक, आरओ मेम्ब्रेन आणि शेवटी उरलेले क्षार धरून ठेवणारं डीआय रेझिन. यातून निघतं ते डीआय पाणी. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, दोन ठिकाणी मोजा, मेम्ब्रेननंतर आणि रेझिननंतर. रेझिननंतर आकडा ० हवा, १ दिसला की रेझिन बदलायला घ्या. इथे एक खोच आहे. संपत आलेलं रेझिन सिलिका सगळ्यात आधी सोडतं आणि टीडीएस मीटरला ती जवळजवळ दिसत नाही. मीटर ० दाखवतंय आणि वाळूवर सिलिकावर पोसणारा तपकिरी थर पुन्हापुन्हा येतोय, तर संशय रेझिनवर घ्या. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की गाळ फिल्टर नेहमीपेक्षा लवकर तुंबतो. वाया जाणारं पाणी फरशीला वापरा.

खारटपणा

लक्ष्य ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारं उपकरण, नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. शून्य बरोबर असूनही ३५ जवळ तो चुकू शकतो. प्रमाण द्रावण घरीच करता येतं: ३६.५ ग्रॅम कोरडं खाण्याचं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम डीआय पाणी. हे रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ दाखवलं पाहिजे, नसेल तर स्क्रू फिरवून ३५ वर आणा. ओल धरलेलं मीठ घेऊ नका. आणि ही कृती फक्त रिफ्रॅक्टोमीटरची आहे. तरंगत्या हायड्रोमीटरला किंवा विद्युतवाहकता मीटरला ती लागू नाही.

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ३ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीत काठोकाठ १९१ लिटर मावतं, पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी १६० लिटरच्या आसपास येतं. पुढचे सगळे हिशेब या १६० वर आहेत. तुमच्या टाकीचा आकडा पहिल्यांदा भरताना बादल्या मोजून काढा. मे महिन्यात पंखा लावून दिवसाला ३ लिटर उडत असतील आणि दोन दिवस भर टाकली नाही, तर ३५ चे ३६.४ होतात. भर नेहमी गोड्या डीआय पाण्याची, रोज, ठरलेल्या खुणेपर्यंत.

केएच: इथे वेळ द्या

आठवड्याला एकच चाचणी जमणार असेल तर ती केएचची करा. सगळ्यात आधी हाच आकडा हलतो. लक्ष्य ७.५ ते ९ (डीकेएच या एककात). ७.८ चांगलं की ८.६, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, आज ७.८ आणि परवा ९.२ हे मात्र प्रवाळाला सोसत नाही.

चाचणीची कुपी टाकीच्याच पाण्याने तीनदा विसळा. पाणी सिरिंजने मोजा आणि पातळी डोळ्यासमोर धरून वाचा. सिरिंजच्या टोकाशी हवेची थोडी पोकळी राहते, ती काढायच्या नादात रसायन वाया घालवू नका. वाचन दट्ट्याच्या कडेवरून घ्यायचं. रसायन थेंबथेंब सोडा, प्रत्येक थेंबानंतर हलवा, मागे पांढरा कागद धरा. हलवूनही रंग पलटलेला राहिला की थांबा. ट्यूबलाइटखाली एकदा आणि उन्हात एकदा असं करू नका, जागा आणि वेळ एकच ठेवा, कारण दिवसभरातही आकडा थोडा बदलतो.

किट खरं बोलतंय का, हे तपासता येतं. २.४ ग्रॅम खाण्याचा सोडा डीआय पाण्यात विरघळवून १ लिटर करा. त्यातलं १०० मिलि घेऊन पुन्हा १ लिटरपर्यंत पाणी घाला. याचं केएच ८ असतं. किटने ९ दाखवलं, तर टाकीच्या प्रत्येक वाचनातून १ वजा करायचा की नवं किट घ्यायचं, ते तुम्ही ठरवा. मुदत संपलेलं किट असेल तर नवंच घ्या.

आता खप काढा. केएच वाढवणारं काहीही न घालता सोमवारी मोजा, गुरुवारी मोजा. ८.४ चे ७.८ झाले तर रोजचा खप ०.२. सोड्याचा हिशेब असा: १०० लिटरला १ केएच वाढवायला ३ ग्रॅम, म्हणून १६० लिटरला ४.८ ग्रॅम, आणि ०.२ साठी रोज जेमतेम १ ग्रॅम. पाव ग्लास डीआय पाण्यात विरघळवून जिथे प्रवाह जोरात आहे तिथे हळू ओता. केएच फार खाली गेलं असेल तरी एका दिवसात १ पेक्षा जास्त चढवू नका. खाण्याचा सोडाच घ्या. बेकिंग पावडर वेगळी, त्यात आम्ल आणि स्टार्च असतो. धुण्याचा सोडाही वेगळा.

दुसरा मार्ग चुन्याच्या निवळीचा. १ लिटर डीआय पाण्यात दीड ग्रॅम प्रयोगशाळा दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड, झाकण लावून हलवा, बसू द्या, वरचं निवळ पाणी घ्या. पानाचा चुना नको. केएच आणि कॅल्शियम दोन्ही यातूनच मिळतात. वरच्या ०.२ खपाला सुमारे ३०० मिलि पुरते, तीही रोजच्या भरीच्या पाण्याच्या हिशेबात धरून, रात्री, थेंबथेंब. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, डोळे सांभाळा.

कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीचं

कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाखांत तितके भाग), मॅग्नेशियम १२५० ते १३५०. मऊ प्रवाळांच्या टाकीत आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की हे दोन्ही बहुधा आपोआप राहतात, महिन्यातून एकदा मोजा. घालावंच लागलं तर १६० लिटरला १० पीपीएम कॅल्शियम वाढवायला ५.९ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागतं. पाकिटावर डायहायड्रेट लिहिलंय का बघा, निर्जल पावडर असेल तर हा हिशेब चुकतो. एवढ्याच मॅग्नेशियमला १३.४ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट. सोडा आणि कॅल्शियम एका ग्लासात कधीच नाही: पाणी दुधी होतं, तयार होतो तो खडू, आणि तो हीटरवर आणि पंपात जाऊन बसतो. दोन्ही भरूनही आकडे टिकत नसतील तर मॅग्नेशियम तपासा. ते कमी असलं की चुना पाण्यातून आपणच खाली बसू लागतो.

बदलायच्या १६ लिटर पाण्याला सुमारे ६०० ग्रॅम समुद्री मीठ लागतं. पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी ओतू नका. पंप लावून रात्रभर फिरू द्या, दुसऱ्या दिवशी खारटपणा, तापमान आणि केएच टाकीशी जुळतंय ना बघा.

नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. दोन्ही शून्यावर आणायची हौस करू नका, उपाशी टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव माजतात. तुमचं मीटर फॉस्फेटऐवजी फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात भाग) देत असेल तर ३.०६६ ने गुणून १००० ने भागा: २० चे ०.०६ होतात.

पीएच आणि ऋतू

पीएच ७.९ ते ८.४ मध्ये कुठेही असला तरी झोप उडवून घेऊ नका. पावसाळ्यात खिडक्या बंद, घरात माणसं, गॅस पेटलेला, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच उतरतो. सोडा ओतून तो वर आणायला गेलात तर केएच फुगतं आणि पीएच होता तिथेच येतो. खात्री करायची तर ग्लासभर टाकीचं पाणी गॅलरीत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून तासभर ठेवा. पीएच चढला तर दोष खोलीच्या हवेचा. स्किमरची, म्हणजे फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची, हवेची नळी खिडकीबाहेर काढा.

तापमान २५ ते २७ अंश. पंखा दोन-तीन अंश उतरवतो, पण सांगलीच्या मे महिन्यात खोलीच ३५ च्या पुढे गेली की चिलर किंवा एसी लागतोच. पावसाळी दमट हवेत पंख्याचा उपयोग आणखी घटतो.

प्रवाळ एकाएकी मिटले तर तपासायचा क्रम असा: तापमान, खारटपणा, केएच, मग अमोनिया. हे चार आकडे हातात येईपर्यंत एकही बाटली उघडू नका.