यीस्टच्या पेशी खरंच चिकटतायत की नुसत्या तळाशी बसतायत, हे कसं तपासायचं

फ्लास्कच्या तळाशी थर दिसला की "फ्लॉक्युलेशन पॉझिटिव्ह" लिहून मोकळं व्हायचं, हा प्रकार कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये इतका चालतो की आता वाचायचाही कंटाळा येतो. अहो, यीस्टची एकटी पेशीसुद्धा पाण्यापेक्षा जड असते, रात्रभर तशीच ठेवली तर बसणारच ना. चिकटणं, म्हणजेच फ्लॉक्युलेशन, वेगळं. ते पाचदहा मिनिटांत डोळ्यांसमोर होतं, आणि मुख्य म्हणजे ते तुम्हाला हवं तेव्हा थांबवता आणि परत सुरू करता आलं पाहिजे, नाहीतर तुम्ही काहीच सिद्ध केलेलं नाही.

आधी थोडक्यात आत काय चालतं ते. सॅकरोमायसिस सेरेव्हिसीच्या (म्हणजे बेकरी-ब्रूइंगच्या नेहमीच्या यीस्टच्या) पेशीभित्तीत फ्लो नावाची प्रोटीन्स असतात: फ्लो१, फ्लो५, फ्लो९, फ्लो१०, आणि फ्लो११ जरा वेगळं, ते जास्त करून अगर किंवा प्लास्टिकसारख्या पृष्ठभागाला धरून ठेवायचं काम करतं. बाकीची लेक्टिनसारखी, म्हणजे साखर ओळखून धरणारी. त्यांचं एक टोक भित्तीत पक्कं रुतलेलं, दुसरं बाहेर, आणि ते बाहेरचं टोक शेजारच्या पेशीच्या भित्तीवरच्या मॅनन साखळ्यांमधली मॅनोज ही साखर पकडतं. मॅनन सगळ्याच यीस्टवर असतं, पकडणारं प्रोटीन मात्र सगळ्यांकडे काम करत नसतं.

आणि कॅल्शियम. अजूनही नोट्समध्ये लिहिलेलं असतं की कॅल्शियम दोन पेशींच्या निगेटिव्ह चार्जमध्ये पूल बांधतं. ही १९६४ सालची कल्पना आहे, १९८२ मध्ये लेक्टिनची कल्पना आली तेव्हापासून ती मागे पडली आणि २०१० मध्ये फ्लो५ च्या टोकाची रचनाच प्रसिद्ध झाली, त्यात कॅल्शियम प्रोटीनच्या खिशात बसून तिथूनच मॅनोजला धरताना दिसतं. म्हणजे कॅल्शियम हा प्रोटीनच्या पकडीचाच भाग. हे नीट समजलं की पुढची सगळी टेस्ट आपोआप समजते: कॅल्शियम काढा, पकड सुटते, परत द्या, पकड येते, बाहेरून मोकळं मॅनोज ओता, प्रोटीन त्यातच अडकतं आणि शेजाऱ्याला सोडून देतं.

यीस्ट कुठलं घ्यायचं? ब्रूइंगचं, म्हणजे बिअर बनवायचं. नॉटिंगहॅम एल यीस्ट चांगलं चिकटतं, विंडसर फारसं नाही, दोन्ही शेजारी ठेवली तर फरक मस्त दिसतो. बेकरीचं यीस्ट बहुतेक वेळा चिकटत नाही, ते निगेटिव्ह कंट्रोलला ठेवा. कृपा करून लॅबच्या फ्रीजमधला एस२८८सी (प्रयोगशाळांमधला नेहमीचा स्ट्रेन, म्हणजे यीस्टचा वाण) घेऊन "आमच्याकडे होतच नाही" म्हणू नका. त्यात फ्लो८ हे जीनच मोडलेलं आहे (१९९६ मध्ये दाखवलंय), आणि फ्लो१, फ्लो११ चालू करायचं काम त्याचंच. वर्षानुवर्षं स्लँटवरून स्लँटवर (तिरप्या अगरच्या नळ्यांवर) फिरवलेलं कल्चरही नको, कारण फ्लो१ च्या मधल्या भागात एकच तुकडा परत परत येतो, हे तुकडे वाढले की पकड वाढते आणि कमी झाले की घटते, आणि ते पिढ्यांगणिक बदलू शकतात.

पॅकेटमधले दाणे थेट टेस्टमध्ये टाकू नका, त्यांच्यावर इमल्सिफायर असतो. वायपीडी किंवा माल्ट ब्रॉथमध्ये (यीस्ट वाढवायची पोषक द्रवं) २५ ते २८ अंशांवर शेकरवर ४८ ते ७२ तास वाढवा. "ओव्हरनाइट पुरे" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, बहुतेक ब्रूइंग स्ट्रेन माध्यमातली साखर संपल्याशिवाय चिकटतच नाहीत.

मग सेंट्रिफ्यूज, वरचं द्रव ओतून टाका, पेशी ५० मिलीमोलर ईडीटीएमध्ये (कॅल्शियम पकडून काढून घेणारं रसायन, पीएच ७) घ्या, व्हॉर्टेक्स करा. गोळे विरघळून सगळं एकसारखं गढूळ झालं पाहिजे. एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघाच: सुट्ट्या पेशी, फार तर एखादी कळी लागलेली.

आता धुणं. सगळी गडबड इथेच होते आणि प्रोटोकॉलमध्ये यावर एक ओळ असते, "वॉश ट्वाइस". मलाही या पायरीने बरंच दमवलंय, कारण चूक इथे होते आणि दिसते तीन पायऱ्या पुढे, तोवर माणूस स्ट्रेनला दोष देऊन बसलेला असतो. होतं असं की ईडीटीएतून सेंट्रिफ्यूज केलेला पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) कधीकधी सैल असतो, हात हलला की वर येतो, म्हणून पेशी जाऊ नयेत या भीतीने आपण तळाशी २ मिली द्रव सोडून देतो. हिशेब करा: २ मिलीमध्ये ५० मिलीमोलर म्हणजे १०० मायक्रोमोल ईडीटीए. पुढे १० मिलीत ४ मिलीमोलर कॅल्शियम घालणार म्हणजे ४० मायक्रोमोल. ईडीटीए कॅल्शियमला एकास एक पकडतं, तेव्हा तुमचं बहुतेक कॅल्शियम पेशींपर्यंत पोचायच्या आतच गिळलं जाणार. एकदा १० मिलीपर्यंत पाणी घालून धुतलं आणि परत २ मिली सोडलं तर २० मायक्रोमोल ईडीटीए उरतं, दुसऱ्यांदा ४, तिसऱ्यांदा १ पेक्षा कमी. म्हणून तीनदा धुवा. आणि ओतू नका, पिपेटने हळूच वरून काढा. "मग कॅल्शियमच जास्त घालू" हा सल्लाही ऐकलाय, त्याने टेस्ट सुटत नाही, फक्त आपण नक्की काय मोजतोय ते कळेनासं होतं.

पाणी डिस्टिल्डच. बोअरच्या पाण्याने धुतलं तर कॅल्शियम तुम्ही आधीच घातलंय, आणि कंट्रोल ट्यूबमध्येसुद्धा गोळे दिसतील. पीबीएस (फॉस्फेटवालं बफर) तर अजिबात नको. फॉस्फेट राहिलं आणि पीएच वर राहिला तर कॅल्शियम घालताच कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका पडतो, तो लांबून अगदी फ्लॉकसारखा दिसतो आणि लोक खूश होऊन फोटो काढतात. शंका आली तर पेशी न घालता तेच मिश्रण करून बघा.

धुतलेल्या पेशी ५० मिलीमोलर सोडियम ॲसिटेट बफरमध्ये (पीएच ४.५) घ्या, इतक्या दाट की ट्यूबमागे धरलेल्या छापील कागदावरची अक्षरं दिसू नयेत, म्हणजे साधारण मिलीला १० कोटी. पातळ केलं तर पेशी एकमेकींना भेटणारच नाहीत. १० मिलीच्या पाच ट्यूब करा: पहिली कॅल्शियमशिवाय, बाकी चारींत ४ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड, त्यातल्या तिसरीत ०.९ ग्रॅम मॅनोज, चौथीत तितकंच ग्लुकोज, पाचवीत गॅलॅक्टोज. साखर आधी विरघळवा, कॅल्शियम शेवटी. बेकरी यीस्टची कॅल्शियमवाली ट्यूब वेगळी.

झाकण लावून सावकाश उलटसुलट करत राहा, वीसेक वेळा तरी. नुसतं स्टँडवर ठेवून बघत बसू नका, टक्कर झाल्याशिवाय पकड बसत नाही. आणि जोरात हलवलं तर झालेले गोळेही फुटतात. दुसरी ट्यूब बघता बघता फाटलेल्या दुधासारखी होते, गुठळ्या आणि मधे स्वच्छ पाणी. पाच मिनिटं उभी ठेवा, वरून थोडं द्रव काढून ईडीटीएमध्येच डायल्यूट करून ६०० नॅनोमीटरला ओडी (गढूळपणाचा आकडा) घ्या (बफरमध्ये नको, गोळ्यांमुळे आकडा खोटा येतो), पहिल्या ट्यूबशी तुलना करून टक्के काढा.

मॅनोजने थांबलं पण ग्लुकोजने नाही, तर फ्लो१ प्रकार. दोन्हींनी थांबलं तर न्यू-फ्लो, ब्रूइंगमध्ये हाच जास्त भेटतो. गॅलॅक्टोजने काही फरक पडायला नको. पडला तर पेशींची संख्या आणि पीएच परत तपासा.

शेवटी दुसऱ्या ट्यूबमध्ये ईडीटीए घालून हलवा. गुठळ्या विरल्या तर काम झालं. नाही विरल्या तर ते फ्लो प्रोटीनचं काम नाही, बहुधा आई आणि लेक पेशी विभाजनानंतर सुट्याच झालेल्या नाहीत, तेव्हा मायक्रोस्कोपखाली त्यांच्या फांद्या शोधा आणि रिपोर्टमध्ये फ्लॉक्युलेशन हा शब्द लिहू नका.