पट्ट्यांचा टोपीवाला स्वेटर आणि कपड्याची घडण

ग्वाल्हेरला जानेवारीत धुकं दाटलं की लष्कर भागातल्या गल्ल्यांमध्ये समोरचं दारही दिसत नाही. दुपारी कधीतरी ते फाटतं आणि गच्च्यागच्च्यांवर बायका सुया घेऊन येतात. शेजारणी लोकरीला ‘ऊन’ म्हणतात, टाक्याला ‘फंदा’, सुईला ‘सलाई’. आमच्या घरात टाके, सुया आणि लोकरच. उन्हात बसून ऊन विणायचं, हे मला लहानपणापासून दोन्ही भाषांत कळतं.

विणायला आत्याने शिकवलं. शिवणाच्या क्लासला मात्र मी पदवी झाल्यावर गेले. तिथे ब्राऊन पेपरवर खाके काढायचे, छातीच्या मापावरून मुंढा, म्हणजे बाही जोडायची वळणदार कड, काढायचा, शिवणीसाठी जागा सोडायची. घरी आलं की सुया. कितीतरी दिवस या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या. त्या एकत्र आल्या त्या मरून आणि क्रीम पट्ट्यांचा टोपीवाला स्वेटर विणताना. नव्याने शिकणाऱ्यांसाठी ते सगळं हिशेबासकट लिहिते आहे, कारण मला असं कुणी लिहून दिलं असतं तर एक थंडी वाचली असती.

आधी माझं ठाम मत. सगळे सांगतात, पहिला मोठा कपडा एकरंगी विणा. मी म्हणेन, आडव्या पट्ट्यांचा विणा. एकरंगी कपड्यात पाठ पुढच्या भागापेक्षा चार ओळींनी मोठी झाली तर तुम्ही ती शिवताना ओढून-ताणून बसवता आणि चूक कुठे झाली ते कधीच कळत नाही. पट्टे असले की बाजूची शिवण घालतानाच मरूनसमोर क्रीम येतं. कपड्याच्या अंगावरच मोजपट्टी छापलेली असते.

शिवण आणि विणकाम यांतला मोठा फरक नीट समजून घ्या. शिवणात कापड आधी तयार असतं, आकार नंतर येतो. विणकामात कापड आणि आकार एकाच वेळी तयार होतात. मुंढा कात्रीने कापायचा नाही, टाके बंद करून आणि कमी करून तो घडवायचा. म्हणून प्रत्येक वळणाचा आकडा सुई हातात घेण्याआधी ठरलेला हवा. त्या बदल्यात एक मोठी सवलतही मिळते: कापलेलं कापड परत सांधत नाही, विणलेलं उसवता येतं.

आत्या चाळीस वर्षं नजरेने आणि वितीने विणते आहे. तिचं म्हणणं, “अगं, बोटांना कळतं. लिहायचं कशाला?” तिच्या बोटांना कळतंच, पण माझ्या बोटांना अजून कळत नव्हतं. तुमच्याही कळत नसेल तर नमुना विणा. ३० टाके, ४० ओळी. सुया आठ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटर. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, हे लक्षात असू द्या. नमुना धुवा, सपाट वाळवा आणि कडा सोडून मधले १० सेंटिमीटर मोजा. माझे २२ टाके आणि ३० ओळी आल्या.

नमुन्याचा कंटाळा करणाऱ्यांसाठी साधं गणित. पाठ ५० सेंटिमीटर हवी म्हणून तुम्ही ११० टाके घातलेत, पण तुमचा हात सैल आहे आणि १० सेंटिमीटरला २० च टाके बसतात. पाठ ५५ ची झाली, पुढचा भागही ५५ चा, म्हणजे घेर १० सेंटिमीटरने जास्त. एकट्या पाठीत वीस हजारांच्या आसपास टाके असतात. ते सगळे विणून झाल्यावर हे कळावं असं कुणालाच वाटणार नाही.

आता माझा खाका. छाती ८८, कुडत्यावर घालायचा म्हणून १२ ची सैल, घेर १००. पाठीला ११० टाके. बॉर्डर दहा नंबरच्या सुयांवर, एक सुलट एक उलट, ६ सेंटिमीटर, पूर्ण मरून. मग आठ नंबरवर पट्टे, ६ ओळींचा एक. ३० ओळींना १० सेंटिमीटर, म्हणजे ६ ओळींना बरोबर २. इथून पुढे मला टेप जवळजवळ लागलाच नाही. बॉर्डरपासून मुंढ्यापर्यंत ३६ सेंटिमीटर म्हणजे १८ पट्टे, मुंढ्याची उंची २२ म्हणजे ११ पट्टे. एकूण उंची ६४.

मुंढ्यापाशी दोन्ही कडांना ५ टाके बंद केले, मग एक ओळ सोडून एकेक टाका सहा वेळा कमी केला. ११० चे ८८ झाले, खांद्यापासून खांद्यापर्यंत ४० सेंटिमीटर. त्यातले मधले ४० टाके गळ्याला, उरलेले २४-२४ खांद्यांना. खांदा उतरता हवा म्हणून ते २४ टाके आठ-आठ करून तीन टप्प्यांत बंद केले. पुढचा गळा चार पट्टे आधी सुरू केला, म्हणजे ८ सेंटिमीटर खोल. हा कागद क्लासमध्ये नेला तेव्हा मॅडमनी आकडे बघितले नाहीत. एवढंच विचारलं, यात शिवणी कुठे कुठे येणार आणि कुठल्या शिवणीवर वजन पडणार? तेव्हा त्या प्रश्नाचं महत्त्व मला कळलं नाही. पुढे कळलं.

पट्ट्यांच्या दोन-तीन गोष्टी पटकन सांगते. ओळी सम संख्येत ठेवा, नाहीतर जो रंग पुढे हवा तो दुसऱ्या कडेला अडकून बसतो. न वापरलेली लोकर कडेने वर न्या आणि दर दोन ओळींनी चालू लोकरीला पीळ द्या. ती ओढून धरू नका, कड आखडते. नवा रंग नेहमी सुलट बाजूच्या ओळीत, सगळे टाके सुलट विणून आणा. त्या ओळीत उलट टाका आला तर जुन्या रंगाचे ठिपके वर दिसतात. महाराज बाडा चौकाजवळच्या दुकानातून लोकर घेताना सगळे गोळे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, बघून घ्या. मला एकूण ६०० ग्रॅमच्या आसपास लागली. गडद रंगाचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. मरून सुटलं तर क्रीम गेलंच म्हणून समजा.

बाह्यांनी मला खरा धडा दिला. मनगटाला ४८ टाके, दंडाला ८०. वाढवायचे ३२, म्हणजे दोन्ही कडांना मिळून सोळा वेळा. प्रत्येक पट्ट्याच्या पहिल्या ओळीत दोन्ही कडांना एकेक टाका वाढवला आणि सोळा पट्ट्यांत काम झालं. वर तीन पट्टे सरळ. एकोणीस पट्टे, ३८ सेंटिमीटर, बॉर्डर धरून ४४. हिशेब इतका सुरेख बसला की मी पुढचं पाहिलंच नाही. अंगाचे पट्टे अठरा होते, मरूनने सुरू झालेले. म्हणजे मुंढ्याचा पहिला, एकोणिसावा पट्टा मरून. बाहीही मी मरूननेच सुरू केली होती. तिचा मुंढ्यावरचा पहिला पट्टा विसावा, म्हणजे क्रीम. दोन्ही बाह्या तयार करून अंगाला टाचल्या, तेव्हा काखेपाशी सगळीकडे मरूनसमोर क्रीम.

दोन्ही उसवल्या. आता मी पट्टे मुंढ्यापासून खाली मोजत येते आणि त्यावरून बाही कुठल्या रंगाने सुरू करायची ते ठरवते. इथे क्रीमने. वरच्या भागातही पाच टाके बंद आणि सहा वेळा एकेक कमी, अगदी अंगासारखंच ठेवायचं, म्हणजे तेवढ्या ओळींत अंगाचा आणि बाहीचा पट्टा सलग जातो. त्याच्यावर जुळणार नाही. बाहीचा माथा गोल असतो, मुंढा सरळ वर जातो, आणि दोन्हींच्या ओळींची संख्या वेगळी असते. पट्ट्यांच्या शर्टाचंही असंच होतं, चांगला शिंपीसुद्धा एका उंचीपर्यंतच पट्टे जुळवतो. तेव्हा वरच्या भागासाठी जीव काढू नका.

बाजूच्या शिवणी उलट बाजूने धावदोरा घालून कधीच घालू नका. दोन्ही भाग सुलट बाजू वर करून शेजारी ठेवा. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला सेफ्टी पिन लावा. कडेच्या टाक्याच्या आत जी आडवी दोरी दिसते ती एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची उचलत वर जा आणि चार-पाच टाक्यांनी दोरा अलगद ओढा. दोन्ही कडा आत वळतात आणि शिवण नाहीशी होते. मरूनला मरून भिडताना बघण्याचं सुख काही वेगळंच आहे.

आणि टोपी. तिचा आकार कसा काढायचा हे मला पुस्तकी खाक्यांतून उमगेना. मग ट्रंकेतली माझी कुंची काढली, आजीने शिवलेली. पलंगावर पसरून बघितली. डोक्यावरचा भाग म्हणजे फक्त एक आयत, दुमडून मागे शिवलेला. मानेपाशी चुण्या आणि खाली पाठीवर येणारा घोळ. टोपीही तशीच, एक दुमडलेला आयत. फरक इतकाच की विणकाम गळ्याकडून वर चढत असल्याने शिवण मागे न येता डोक्यावर येते.

उंचीसाठी टेप एका खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून डोक्यावरून दुसऱ्या टोकापर्यंत सैलसर धरा आणि निम्मं करा. माझी ३४ आली, म्हणजे १७ पट्टे. गळ्याभोवती पुढच्या मध्यापासून पुढच्या मध्यापर्यंत ९६ टाके उचलले आणि पहिल्या सुलट ओळीत, बहुतेक मागच्या बाजूला, १६ वाढवून ११२ केले. शेवटच्या दोन पट्ट्यांत मागच्या मध्याच्या दोन्ही अंगांना एक ओळ सोडून एकेक टाका कमी केला, सहा वेळा. हे केलं नाही तर डोक्यावर टोक उभं राहतं. उरले १००. ते निम्मे-निम्मे दोन सुयांवर घेऊन तिसऱ्या सुईने एकत्र बंद केले. दोन्ही बाजू एकाच ओळीच्या असल्यामुळे इथे पट्टे आपोआप जुळतात.

चेहऱ्याभोवतीच्या बॉर्डरसाठी मी आधी प्रत्येक ओळीतून एक असे २०४ टाके उचलले. बॉर्डर झालरीसारखी फुलली. सुलट विणीचा टाका उंचीपेक्षा रुंद असतो, २२ टाक्यांना ३० ओळी हे नमुन्यानेच सांगितलं होतं. म्हणून उभ्या कडेवर दर चार ओळींमागे तीनच टाके उचलायचे. १५३ टाके घेतल्यावर कड शांत बसली.

मॅडमचा प्रश्न कळला तो यानंतर. शिवणीची एक पायरी वाचावी म्हणून मी मागच्या गळ्याचे ४० टाके बंद न करता सुईवरच ठेवले होते आणि त्यांच्यावरच टोपी विणली होती. दोन दिवस घातला आणि मागचा गळा दोन सेंटिमीटर खाली ओघळला, खांद्याच्या शिवणी पाठीकडे गेल्या. टोपी साधारण ९० ग्रॅमची, आणि ती पाठीवर पडलेली असताना ते सगळं वजन मागच्या गळ्यावर लोंबतं. टोपी उसवली, ते ४० टाके आधी घट्ट बंद केले आणि त्या बंद कडेतून नव्याने उचलले. आतून एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत अरुंद सुती पट्टी हातशिलाईने टाचली. सुती पट्टी ताणत नाही. टोपीच्या कुठल्याही विणीच्या कपड्याला ही पट्टी लावाच.

शिकण्यासाठी आमच्याकडे आणखी एक उत्तम जागा आहे, ग्वाल्हेरचा मेळा. माधवराव शिंद्यांच्या काळात १९०५ साली सुरू झालेला हा मेळा थंडीतच भरतो. तिथे तयार स्वेटर उलटे करून बघा. मुंढ्याच्या कडेपासून दोन-तीन टाके आत तिरप्या टाक्यांची रांग दिसली तर तो भाग आकारातच विणलेला आहे. ओव्हरलॉकची शिवण असेल आणि विणीचे टाके मध्येच तुटलेले दिसले तर आधी कापड विणून नंतर कापलेलं आहे. नोकरीच्या दृष्टीनेही ही दोन वेगळी जगं आहेत. लुधियानाच्या लोकरी कारखान्यांत मशीनवर आकारातले भाग विणून लिंकिंगने, म्हणजे टाक्याला टाका सांधून, जोडतात, तिरुपूरच्या टी-शर्टांचं कापड कापून शिवतात. पहिल्या जगात सँपल बनवणाऱ्याला हाच टाक्या-ओळींचा हिशेब लागतो. आयटीआयमध्ये सिविंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स आहे, निफ्ट या फॅशन संस्थेत निटवेअर डिझाइन, म्हणजे विणीच्या कपड्यांची रचना, शिकवतात. कुठेही जाण्याआधी एक कपडा नमुन्यापासून शेवटच्या शिवणीपर्यंत स्वतः केलेला असेल, तर वर्गात मांडलेल्या खाक्यातली प्रत्येक रेघ कशासाठी आहे ते समजतं.

स्वेटर धुतला की टांगू नका, पंच्यात गुंडाळून पाणी काढा आणि खाटेवर सपाट पसरा. लोकर ॲक्रेलिकची असेल तर इस्त्री किंवा वाफ अजिबात नको, वीण कायमची लुळी पडते. माझा वाळल्यावर मोजला तर ६४ ऐवजी ६६ भरला. वहीत त्या खाक्याच्या खाली लिहून ठेवलं आहे: पुढच्या वेळी बॉर्डर ते मुंढा सतरा पट्टे, अंगाला सुरुवात क्रीमने, बाहीलाही क्रीमने.