जंगल बर्ड कॉकटेल करायचंय? आदल्या दिवसापासून लागा कामाला

पहिलं काम दुकानात जाण्याआधीचं आहे. कोणतं पेय करायचं ते ठरवा, आणि एकच ठरवा. टिकीच्या, म्हणजे रम आणि फळांच्या रसांच्या कॉकटेलांच्या, नादाला लागलेला माणूस हमखास झॉम्बी नावाच्या कॉकटेलपासून सुरुवात करतो. मग तीन प्रकारच्या रम, फालर्नम (मसाल्याचा पाक), ग्रेनेडीन (डाळिंबाचा पाक), दालचिनीचा पाक, अँगोस्टुरा (थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क) असा बाजार गोळा करतो आणि पहिला ग्लास होईपर्यंत दमून जातो. माय ताय त्या मानाने सुटसुटीत. ट्रेडर विक या बारमालकाने ते 1944 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये तयार केलं. पण त्याला ऑर्जेट, म्हणजे बदामाचं दाट सरबत, चांगलं लागतं. बाटलीतल्या ऑर्जेटमध्ये पुष्कळदा बदामाचा नुसता वास असतो. म्हणून घरी पहिल्यांदा करताना जंगल बर्ड बरं. हे 1970च्या दशकात क्वालालंपूरच्या हिल्टन हॉटेलच्या बारमध्ये जन्मलं. रम, कॅम्पारी (लाल, कडू इटालियन लिकर), अननसाचा रस, लिंबू आणि साखरेचा पाक, एवढ्या पाचच वस्तू. मुळात त्यात अननसाचा रस भरपूर होता. अलीकडच्या बारटेंडरांनी तो कमी केला, रम जास्त गडद घेतली, आणि कॅम्पारीचा कडवटपणा वर आला. आज आवडीने प्यायल्या जाणाऱ्या जंगल बर्डची चव अशीच आहे, गोडापेक्षा कडू-आंबटाकडे झुकलेली.

प्रमाण कागदावर लिहून फ्रिजवर लावा: रम 45 मिलि, कॅम्पारी 20, अननसाचा रस 45, लिंबाचा रस 15, पाक 15. चार जण आणि प्रत्येकी दोन ग्लास धरले तर रम 360 मिलि, कॅम्पारी 160, अननसाचा रस 360, लिंबाचा रस आणि पाक 120-120. हा हिशेब आधी केला की बाटली अर्ध्यात संपत नाही. आणि ‘अंदाजे घालू’ हा विचार सोडून द्या. लिंबू पाच मिलि इकडे-तिकडे झालं तरी पेयाचा तोल जातो. मापाचा छोटा पेला, म्हणजे जिगर, नसेल तर मिलिच्या खुणा असलेलं औषधाचं झाकणही चालतं.

रमच्या बाबतीत रंगाला भुलू नका. गडद रंग पुष्कळदा नुसत्या कॅरमेलचा असतो. रम कुठली आणि ती कशी गाळली आहे ते लेबलवर बघा. जमैकाच्या पॉट स्टिलमधल्या, म्हणजे हंड्यात गाळलेल्या, रमला पिकून पुढे गेलेल्या केळ्या-अननसाचा उग्र वास असतो, आणि या पेयात तोच हवा असतो. गयानाची डेमेरारा रम जळक्या साखरेकडे झुकते. ब्लॅकस्ट्रॅप म्हणून विकली जाणारी रम काकवीसारखी लागते, आणि जंगल बर्डच्या नव्या अवतारात बऱ्याचदा तीच असते. यातली एक मिळाली तरी पुरे. पांढरी, गुळगुळीत रम मात्र कॅम्पारीपुढे टिकत नाही. कॅम्पारीला दुसरं काही चालेल का, असं विचारलं जातं. दुसरी लाल, कडू इटालियन लिकर चालेल. अपेरॉल फार मवाळ पडतं.

आता तयारीचा क्रम. जे जास्त टिकतं ते आधी करायचं, जे लवकर उतरतं ते शेवटी. त्यामुळे पाक आदल्या दिवशी. ब्राऊन किंवा डेमेरारा साखर आणि पाणी समप्रमाणात घ्या, साखर विरघळेपर्यंतच गरम करा आणि उतरवा. एकतारीपर्यंत न्यायचा नाही, नाहीतर थंड पेयात तो तळाशी बसतो. हौस असेल तर त्यातल्या थोड्या पाकात दालचिनीचे दोन-तीन तुकडे घालून तास-दोन तास मुरू द्या आणि गाळा. जंगल बर्डला त्याची गरज नाही, पण घातला तर बिघडत नाही. बाटली स्वच्छ असेल तर साधा पाक फ्रिजमध्ये दोनेक आठवडे राहतो.

अननसाचा रस त्याच दिवशी सकाळी काढा. मिक्सरमधून फिरवून बारीक गाळणीने गाळा, चोथा चांगला दाबून. मध्यम आकाराच्या एका अननसात आठ ग्लासांचं साधारण भागतं. लहान असेल तर दोन आणा. ताज्या रसाला शेकरमध्ये, म्हणजे पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्यात, जो दाट फेस येतो तो डब्यातल्या रसाला तितका येत नाही, आणि त्या फेसावर पेयाचं अर्धं रूप अवलंबून असतं. पानांचा तुरा टाकून देऊ नका. धुऊन, दोन-तीन पानं सुटी करून ओल्या फडक्यात ठेवा, ती सजावटीला लागतील. लिंबं पाहुणे यायच्या तासभर आधी पिळा. आदल्या रात्रीच्या रसाची तरतरी गेलेली असते.

बर्फ हा या यादीतला सगळ्यात दुर्लक्षित ऐवज आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही. एका ग्लासाला पाव किलो धरा आणि शेकरसाठी अख्खे खडे वेगळे. आठ ग्लास म्हणजे निदान तीन किलो. घरच्या ट्रेमध्ये एका रात्रीत एवढा जमत नाही. दोन दिवस आधीपासून खडे काढून पिशवीत साठवा. चुरा करायचा तर जाड, कोऱ्या सुती कापडात खडे बांधून लाटण्याने ठेचा. कापड सुटलेलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे चुरा कोरडा राहतो. मिक्सरमध्ये केला तर त्याचा गाळ होतो. ठेचलेला बर्फ पसरट डब्यात भरून परत फ्रीझरमध्ये सरकवा. गठ्ठा झालाच तर काट्याने मोकळा करता येतो. चुरा खड्यापेक्षा लवकर वितळतो आणि पेय पातळ करतो, म्हणून ग्लास काठोकाठ भरायचा. अर्धवट भरला की बर्फ झपाट्याने विरतो.

ग्लास उंच आणि साधा घ्या, तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. चेहरे कोरलेले मातीचे मग मला खटकतात. टिकी हे माओरी परंपरेत पहिल्या माणसाचं नाव आहे, आणि त्याचा पेला करून रम पिण्यावर पॉलिनेशियन लोकांतून आक्षेप आलेले आहेत. बरेच नवे बारही आता नुसतं ‘ट्रॉपिकल’ म्हणतात. सजावटीला अननसाची पानं आणि एक फोड पुरते. फूल खोचायचं असेल तर ते खाण्याजोगं आणि औषध न फवारलेलं हवं. कण्हेर कितीही सुंदर दिसली तरी विषारी आहे, ती ग्लासाजवळही नको. लिंबाच्या वाटीत कडक रम ओतून पेटवण्याचा खेळ घरात, पडद्यांजवळ, दोन ग्लास पोटात गेल्यावर करू नये.

जेवणाचं आधी बघा आणि पाण्याचा जग टेबलावर ठेवा. पेय सरबतासारखं घशाखाली जातं, पण रम 40 टक्क्यांची आणि कॅम्पारी देशानुसार 20.5 ते 28.5 टक्क्यांची असते. हॉलिवूडमध्ये 1930च्या दशकात टिकी बार रुजवणारा डॉन द बीचकोम्बरसुद्धा झॉम्बी एका गिऱ्हाइकाला दोनच द्यायचा. गाडी चालवणाऱ्यांसाठी अननस, लिंबू, दालचिनीचा पाक आणि सोडा बाजूला काढून ठेवा.

पहिला ग्लास स्वतःसाठी करा. पाचही वस्तू मोजून शेकरमध्ये, वर मूठभर खडे, आणि शेकर हाताला बोचण्याइतका गार होईपर्यंत दहा-बारा सेकंद जोरात हलवा. चुऱ्यावर गाळून ओता आणि चाखा. कडू जास्त वाटलं तर पाकाला हात लावण्याआधी अननस दहा मिलि वाढवून बघा. आंबट वाटलं तर मात्र पाक पाच मिलि वाढवा. जमलेलं प्रमाण फ्रिजवरच्या कागदावर लगेच दुरुस्त करा, म्हणजे पुढचे सात ग्लास न चाखता करता येतील.