क्रॉस-कंट्री सायकल रेसमध्ये या चुका टाळा, मी केल्या तेवढ्या पुरे झाल्या

माझी पहिली क्रॉस-कंट्री रेस, म्हणजे माउंटन बाइकची कच्च्या वाटेवरची रेस, दुसऱ्याच लॅपला संपली. पाय मस्त होते, दमही होता, पण मागच्या टायरात बाभळीचा काटा होता. आमच्या परतवाड्याकडच्या पोरांचं असंच होते, चिखलदऱ्याचा घाट चढून चढून मांड्या दगड झालेल्या असतात पण बाकी सगळं आपण यूट्यूबवर पाहून शिकतो, अन् त्या व्हिडिओत ना बाभूळ असते, ना काळी माती, ना आपलं ऊन.

म्हणून टायरपासूनच सुरू करतो. रोडवर चालवणारे सवयीनं 40-45 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा ठासतात, मग गोट्यांवर चाक उडते अन् मुरमाच्या वळणावर सरळ आडवे. याच्या उलट, कोणीतरी सांगितलं हवा कमी ठेव म्हणून आत ट्यूब असतानाच 20 वर आणणारेही आहेत. तसं केलं की दगडावर आपटल्यावर रिम ट्यूबला चावते, दोन भोकं शेजारी शेजारी, साप डसल्यासारखी. तशी भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढंच. 60-65 किलोचा गडी अन् 2.2 इंची टायर असेल तर ट्यूबवर 28-30, ट्यूबलेसवर (आत ट्यूबच नसलेला टायर) 20-22 पासून सुरू करा, मग एकेक पीएसआय कमी-जास्त करून पाहा. अंगठ्यानं दाबून हे कळत नाही, गेज घ्या. आणखी एक, हिवाळ्यात सकाळी थंडीत भरलेली हवा दुपारपर्यंत तेवढीच राहत नाही, टायर 20 डिग्रीनं तापला की दोन-अडीच पीएसआय आपोआप वाढते, तर सायकल सावलीत ठेवा अन् स्टार्टच्या आधी परत मोजा.

आता काटे. सराटे अन् बाभूळ असलेल्या मुलखात ट्यूबलेस करणं परवडते, पण सीलंट, म्हणजे टायरात टाकायचं भोक बुजवणारं पातळ रसायन, एकदा टाकलं की जन्मभर पुरते असं वाटणं ही माझी चूक. मी दिवाळीत टाकलं होतं अन् रेस होती मार्चमध्ये. टायर उघडला तर आत दुधाच्या सायीसारखी रबराची साल, थेंबभर ओलं नाही. आपल्या गरमीत दर दोन महिन्यांनी पाहायलाच पाहिजे. चाक काढून कानाजवळ हलवा, आत खळखळ ऐकू आली तर ठीक, नाहीतर बाटली घेऊन बसा.

त्या दिवशी काटा उपसला, घाईघाईत ट्यूब टाकली, हवा भरली, दोनशे मीटरवर परत फुस्स. काट्याचं टोक टायरातच मोडून राहिलं होतं, ते डोळ्याला दिसत नाही अन् बोट फिरवलं तर बोटात जाते. नंतर गावातल्या पंक्चरवाल्या काकांनी हसून सांगितलं, "बोट काऊन फिरवून राहिला बे, कापूस फिरव." कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवला की जिथं काटा असेल तिथं तंतू अडकतात. पऱ्हाटीच्या वावरात राहून मले हे माहीत नव्हतं! आता बोळा टूल किटमध्येच असते, आत रुतलेला काटा पकडायला छोटी पक्कडही.

पाऊस पडून गेलेला ट्रॅक असेल तर काळ्या मातीत जोर लावू नका. ती माती टायरवर चढत जाते, फ्रेमला घासते, चाक जाम होते, अन् आपण तरी पेडल मारत राहतो, तेवढ्यात मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) स्पोकमध्ये ओढला जाते अन् तो ज्याच्यावर बसवलेला असते तो हँगर तुटते. चाक जड लागलं की लगेच उतरा, काडीनं माती खरवडा अन् सायकल खांद्यावर घ्या, ढकलत नेली तर आणखी माती गोळा होते. धुऱ्याच्या कडेनं गवत असेल अन् ते ट्रॅकच्या पट्टीच्या आत असेल तर तिथून काढा. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असते, तालुक्याला मिळत नाही, एक जास्तीचा मागवून ठेवा.

स्टार्टची चूक जास्त करून बीआरएमवाले, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला मारणारे, करतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासात काढणाऱ्याला वाटते दम आहे, हळूहळू पकडू. पण ऑलिम्पिकमध्ये 1996 पासून असलेली ही रेस म्हणजे सव्वा-दीड तासाची झटापट, पाच-सहा किलोमीटरचा तोच लॅप परत परत, अन् पहिल्या वळणानंतर एकच सायकल जाईल एवढी वाट. तिथं मागे अडकलात की पुढचा गोट्यांवर उतरून चालला म्हणून तुम्हीपण चाला. म्हणून पहिलं अर्धं मिनिट जीव लावून मारा, वाटेत शिरलात की लगेच श्वास खाली आणा. नवीन पोरं नेमकं हेच विसरतात, पहिली चढण पण त्याच जोशात मारतात अन् दुसऱ्या लॅपला तोंडाला फेस. मोठ्या रेसमध्ये 80 टक्क्यांचा नियम असते, लीडरच्या पहिल्या लॅपच्या वेळेपेक्षा 80 टक्के मागे पडलात की पंच बाहेर काढतात.

चढावर गिअर चढण लागायच्या आधी हलका करा, पूर्ण जोर पायात असताना टाकला की कडाड. चेनला गाडीचं इंजिन ऑइल लावू नका, फुफाटा चिकटून तिचा काळा लगदा होते. चेनला तेलाचा स्प्रे मारताना ब्रेकच्या डिस्कवर उडाला तर पॅड गेले समजा, उतारावर नुसता आवाज येईल, ब्रेक लागणार नाही.

खाण्याचं थोडक्यात: सकाळी तर्री पोहे नको. मी खाल्ले, तर्री दोन वेळा घेतली, पुढचं सांगत नाही. तीन तास आधी साधी पोळी-गूळ किंवा वरण-भात, केळी. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरला असते, ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका, पोट बिघडते.

अन् बाटली फक्त फीड झोनमध्येच (खाणं-पाणी द्यायची ठरवलेली जागा) घ्यायची हे घरच्यांना आधी सांगा. दुसऱ्या एका रेसमध्ये माझा चुलतभाऊ बिचारा प्रेमानं चढणीच्या माथ्यावर पळसाखाली लिंबूपाणी घेऊन उभा होता, मी घेतली, पंचानं पाहिलं, बाद. तो अजूनही म्हणते, "तहानलेल्याले पाणी देणं काय गुन्हा आहे का बाप्पा?"