संत्र्याच्या बगिच्यातला डबा आणि त्यातला उसना कोड

आमचं गाव वरुडजवळ. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा, धरायचा तर त्याआधी संत्र्याच्या झाडांना पाण्याचा ताण द्यावा लागतो. ताण पुरेसा बसला की नाही, हे बाबा माती मुठीत दाबून ओळखतात. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी त्यासाठी ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर चिपला ओलाव्याचा सेन्सर जोडून एक डबा बनवला. निम्म्याहून जास्त कोड दुसऱ्यांचा होता.

फाइली नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून मी त्यांच्या डोक्यावरच्या कमेंट, म्हणजे माणसांनी वाचायच्या टिपा, पुसून टाकल्या. लिहिणाऱ्याचं नाव, साल, परवाना (कोड वापरायच्या अटी), सगळं त्याच ओळींत होतं. परीक्षेत सरांनी विचारलं, "यातलं तुझं कोणतं?" मला फाइल उघडूनही सांगता येईना. नंतर एकेक फाइल मुळाशी ताडून पाहण्यात कित्येक संध्याकाळी गेल्या. म्हणून नवीन मुलांना सांगतो, कोड घ्याल त्याच दिवशी वहीत लिहा: कुठून घेतला, कोणाचा, परवाना कोणता, आपण काय बदललं.

खुल्या कोडच्या परवान्यांपैकी एमआयटी परवाना सोपा आहे. विका, बदला, फक्त मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत राहू द्या.

खरा प्रश्न पुढे आला. शेजारचे काका म्हणाले, "मलेही एक बनवून दे ना गा, पैसे देतो." डब्यातली रेडिओची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, जीपीएल या खुल्या परवान्याच्या २००७ सालच्या आवृत्ती ३खाली होती. डबा आपल्याच वावरात आहे तोवर जीपीएल काही मागत नाही. तो दुसऱ्याच्या हाती दिला की त्यातला माझा कोडही त्याच परवान्याखाली त्याला मिळायला हवा. पैसे घ्यायला मात्र मनाई नाही. इथे पुष्कळांचा गैरसमज होतो. मी डब्यासोबत सगळा कोड असलेला पेन ड्राइव्ह दिला. काका म्हणाले, "मले याचं काय काम?" मी म्हटलं, "काका, उद्या मी नोकरीला पुण्याला गेलो, तर हा दुसऱ्या कोणाकडूनही दुरुस्त करून घेता येईल." तेव्हा त्यांनी तो जपून कपाटात ठेवला.

आवृत्तीचा आकडाही नीट वाचा. अपाचे २.० या आणखी एका खुल्या परवान्याचा कोड जीपीएल ३सोबत चालतो, पण फक्त जीपीएल २ असेल तिथे जुळत नाही.

एका फाइलवर परवानाच नव्हता. नेटवर उघडा दिसतो म्हणून तो कोड घ्यायची मुभा मिळत नाही. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि हक्कासाठी नोंदणी लागत नाही. लेखकाला मेल केला, उत्तर आलं नाही. मग तो भाग काढून टाकला. आमच्याच वावरातली कोरडी माती आणि पाणी दिलेली माती, दोन्हींचे आकडे घेऊन तेवढं ओलाव्याचं गणित मी नव्याने लिहिलं.

आता प्रत्येक डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवतो. त्यावर सगळ्या लेखकांची नावं आणि परवाने असतात, आणि शेवटच्या ओळीत माझं नाव.