आउटबॅकमध्ये एकट्याने सायकल चालवताना या चुका टाळा

आउटबॅक म्हणजे ऑस्ट्रेलियाचा कोरडा, जवळपास निर्मनुष्य अंतर्भाग. तिथे सगळ्यात महागात पडणारी चूक पाण्याच्या हिशोबात होते. ऑस्ट्रेलियातल्या स्टुअर्ट हायवेवर ग्लेंडॅम्बो ते कूबर पीडी साधारण 254 किलोमीटर आहे. मध्ये दुकान, पंप, गाव काहीही नाही. नवखी मंडळी म्हणतात, "मी दिवसाला सव्वाशे मारतो, दोन दिवसांचं पाणी पुरे." समोरून उत्तरेचा गरम वारा सुटला की ताशी दहाचा वेगही टिकत नाही आणि दोनाचे चार दिवस होतात. पाणी किलोमीटरवर नाही, दिवसांवर मोजा. कडक उन्हात दिवसाला आठ-दहा लिटर धरा आणि वर एका दिवसाचं जास्तीचं घ्या. वजनाची कुरकुर करणाऱ्यांनी कपडे कमी करावेत.

याच पट्ट्यात मला नाशिककडचा एक तरुण भेटला. सायकल आडवी टाकून झुडपाच्या तुटपुंज्या सावलीत बसला होता, ओठ फुटलेले. निघताना फक्त चार लिटर घेतलेलं, कारण पुढच्या थांब्यावर पावसाच्या पाण्याची टाकी असल्याचं नकाशात दिसत होतं. टाकी होती, पण नळ कोरडा. त्या भागात वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो, टाकी भरणार कशी? त्याला साखर-मीठ घातलेलं पाणी घोटाघोटाने पाजलं आणि एक कॅरव्हॅन थांबवली. तर म्हणतो, "दादा, लिफ्ट घेतली तर सलग राइड मोडेल." या हट्टाची मला खरोखर चीड येते. राइड पुन्हा करता येते. त्याला गाडीत बसवूनच मी पुढे निघालो. टाकीत पाणी मिळालं तर आनंदच, पण हिशोबात ते धरायचं नाही.

सगळं पाणी एकाच पिशवीत भरू नका, फुटली की संपलं. मी शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्याच वापरतो. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. मीठ सोबत हवंच.

डिसेंबर-जानेवारीत जाऊच नका, तिथे तेव्हा भर उन्हाळा असतो. मे ते ऑगस्ट बरा.

रोड ट्रेन म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, 53.5 मीटरपर्यंत लांब असते. ती आरशात दिसली की मी डांबर सोडून खडीवर उतरतो. जागेसाठी तिच्याशी हुज्जत नाही.

दक्षिणेकडच्या नलारबॉर या ओसाड मैदानावरून पश्चिमेकडे जाताना राज्याच्या सीमेवरच्या बॉर्डर व्हिलेजच्या तपासणी नाक्यावर ताजी फळं आणि मध काढून घेतात. तिथवर ते संपवा.

पंक्चर बहुतेक वेळा रस्त्यावर होत नाही, संध्याकाळी तंबूसाठी सायकल झुडपात ढकलत नेताना होतं. आपल्याकडचा सराटा तिथेही आहे. सामान उतरवा, सायकल उचलून न्या, आणि सकाळी निघण्याआधी दोन्ही टायरांवरून हात फिरवून काटे काढा.

मोबाइलला रोडहाऊस (हायवेवरचा पंप आणि खानावळ) सोडलं की बहुतेक ठिकाणी रेंज नसते. उपग्रहाला संकटाचा संदेश देणारा बीकन घ्या आणि तो बॅगेत नको, अंगावर ठेवा. पडल्यावर सायकलपर्यंत सरपटत जाता येईलच असं नाही.