अनेस्थेशियाला नवीन लागलेल्यांनो, ऑटोरेग्युलेशनचा ग्राफ नुसता पाठ करू नका

ऑटोरेग्युलेशन म्हणजे बीपी वरखाली झालं तरी मेंदू स्वतःचा ब्लड फ्लो सांभाळून ठेवतो ते. पहिल्या वर्षाला आलेला प्रत्येक जण हा ग्राफ पाठ करूनच येतो. मीन प्रेशर (म्हणजे सरासरी बीपी) ५० ते १५० एमएम पारा असेपर्यंत मेंदूचा ब्लड फ्लो १०० ग्रॅमला मिनिटाला ५० एमएलच्या आसपास तसाच राहतो, रेघ सपाट, विषय संपला. मग व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्झामिनर विचारतो "कोणाचा ग्राफ हा?" आणि सगळे गप्प.

मूळ ग्राफ लासेन या संशोधकाचा, १९५९ चा, आणि तो एका माणसाचा नाहीच, वेगवेगळ्या अभ्यासांतल्या वेगवेगळ्या गटांच्या सरासऱ्या एकत्र मांडल्यात. त्यामुळे समोरच्या पेशंटची खालची लिमिट (जिच्याखाली फ्लो घटायला लागतो) ५०च असेल असं धरून चालू नका.

मेकॅनिझम फार ताणू नका. प्रेशर वाढलं की बारीक आर्टरीच्या भिंतीतला मसल आपोआप आवळतो (हे बेलिस या संशोधकाने १९०२ ला मांडलं), कमी झालं की सैल पडतो, पण सैल पडायलाही हद्द आहे, ती संपली की फ्लो प्रेशरच्या मागे खाली जातो. शिवाय या सगळ्याला काही सेकंद लागतात, म्हणून तर झटकन उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते.

खरा अभ्यास ओटीत (ऑपरेशन थिएटरात) होतो. समजा जुने बीपीवाले काका, गोळ्या आठवण आली तर घेणार, वॉर्डात १७०/१००, म्हणजे मीन १२३. भुलीचं प्रोपोफॉल दिल्यावर बीपी ९५/६०, मीन ७२, मॉनिटर शांत म्हणून आपणही निवांत. पण यांचा अख्खा ग्राफ उजवीकडे, म्हणजे जास्त प्रेशरकडे, सरकलेला असतो, त्यांच्या मेंदूला ७२ कमी पडू शकतं. म्हणून केसआधी वॉर्डातला बीपी चार्ट बघायचाच, बहुतेक सीनियर बेसलाइनच्या २० टक्क्यांत ठेवा म्हणतात, इथे ते ९८ च्या आसपास येतं.

दुसरं, खांद्याची सर्जरी बसवून चालली असेल तर बीपीचा कफ दंडावर आणि मेंदू वर. दर सेंटीमीटरला साधारण पाऊण एमएम प्रेशर कमी होतं, म्हणजे २० सेंटीमीटर वर असेल तर १५ गेले, दंडावरचे ६५ तिथे ५०च. आर्टरी लाइन (बीपी सतत मोजायला आर्टरीत घातलेली नळी) असेल तर तिचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे प्रेशर मोजणारा सेन्सर, सरळ कानाच्या भोकाच्या लेव्हलला लावा, सर्जन कुरकुरला तरी.

आणि कार्बन डायऑक्साइडकडेही लक्ष ठेवा, तो १ एमएमने उतरला की फ्लो ३ टक्क्यांच्या आसपास घटतो. बीपी आधीच कमी आणि तुम्ही व्हेंटिलेटर जोरात चालवून कार्बन डायऑक्साइडही उतरवताय, असं नको.